फिरता आस

गो-कार्ट धानाच्या पोत्यांच्या थप्पीत घुसली तेव्हा ब्रेक दाबलेला होता. नात तसंच सांगत होती आणि सिमेंटवर उमटलेली रबराची काळी रेघही तेच सांगत होती. रेघ एकच होती, डाव्या चाकाची. उजवं चाक मोकळं फिरत राहिलं, गाडी गरकन डावीकडे वळली आणि थप्पीत शिरली. पोरीला खरचटलंही नाही. एक पोतं उसवून थोडं धान सांडलं, तेवढंच. "आबाजी, मी तर ब्रेक मारला होता जी," ती म्हणाली. बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

बालाघाटला माझं लेथचं दुकान आहे. राईस मिलचे शाफ्ट, एलिव्हेटरच्या पुल्या, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हब, यातच उमर गेली. लोकांच्या शाफ्टवर शतांश मिलिमीटरसाठी भांडणारा मी, आणि आठ वर्षांच्या नातीच्या गाडीला भंगारातली 20 मिलिमीटरची मऊ सळई लावून मोकळा झालो होतो. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला चाकं लावतात तशीच पद्धत: आस जागच्या जागी घट्ट, चाकं त्यावर मोकळी. मोपेडच्या 50 सीसी इंजिनाची साखळी डाव्या चाकाला, ब्रेकचा ड्रमही त्याच चाकाला. नंदीबैलाला हे चालतं. दोरी ओढणं सोडलं की तो उभा राहतो.

आमच्याकडून नैनपूरच्या बाजूला 2015 पर्यंत नॅरोगेज गाडी जायची. रुळांमधलं अंतर अडीच फूट. तिचे डबे ज्यांनी खाली वाकून पाहिले असतील त्यांना ठाऊक असेल की रेल्वेची चाकं आसावर फिरत नाहीत, आसासकट फिरतात. कार्टचा मागचा आस याच जातीचा. मधे डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली. त्यामुळे त्या दांड्यावर कुठेही एक डिस्क बसवली की दोन्ही चाकांना सारखाच ब्रेक लागतो. हे मला बांधतानाच कळायला हवं होतं.

नवा आस 25 मिलिमीटरचा घेतला, ईएन-8 पोलादाचा. पाच मिलिमीटरनं काय होतं, असं गिऱ्हाईक नेहमी विचारतं. शाफ्टची ताकद व्यासाच्या घनानं वाढते. विसाचे पंचवीस केले की ती जवळजवळ दुप्पट होते, आणि वजन वाढतं फक्त दीडपटीच्या आसपास. असा सौदा बाजारात दुसरीकडे मिळत नाही. प्लमर ब्लॉक शेल्फवरच होते, यूसीपी 205, राईस मिलला लागतात तेच. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की भोक निघतं: पाच पंचे पंचवीस. ही युक्ती मी दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला शिकवतो. नात एका झटक्यात शिकली आणि शेल्फवरच्या सगळ्या डब्यांची भोकं सांगत सुटली.

पण आस फिरायला लागला की त्याचं दुखणं बदलतं. स्थिर आसाला भार एकाच बाजूनं सोसायचा असतो. फिरत्या आसात जो भाग आत्ता ताणलेला, तोच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबलेला. दहा इंची चाक ताशी वीस किलोमीटरनं पळालं तर हे सेकंदाला सातेक वेळा होतं. व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस 1842 साली असाच तुटला आणि मोठा अनर्थ झाला. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्यानं रेल्वेच्या आसांवरच वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवून दिलं की एका झटक्यात न मोडणारं लोखंड त्याहून कमी भारानंही थकून मोडतं, तो भार लाखो वेळा उलटसुलट द्यावा लागतो इतकंच. तडा सुरू होतो तो धारदार कोपऱ्यातून, नाहीतर वेल्डिंगच्या काठावरून. म्हणून या आसाला वेल्डिंगचा ठिपकाही लावला नाही. चावीची खाच 8 मिलिमीटर रुंद, 4 खोल, टोकं गोल. आसावर जिथे पायरी पडली तिथे कोपरा गोलवून पॉलिश केला. गिऱ्हाइकाच्या कामात इतकं केलं असतं का? खरं सांगायचं तर दुप्पट दर मिळाला असता तरच केलं असतं.

डिस्क मोटरसायकलची 240 ची मिळत होती, स्वस्तात. दहा इंची टायर म्हणजे 254 मिलिमीटर. डिस्क आणि जमीन यांच्यात सात मिलिमीटर उरतात, आणि टायर बसला की तेही नाहीत. स्कूटरची 190 ची लावली. कॅलिपर तिचाच, मास्टर सिलिंडर मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकचा.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद झाल्यावरच पहिल्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला की हवा परत आत. मी नातीला सीटवर बसवलं. "दाबलं," ती ओरडायची. मी उघडून बंद करायचो. "सोड." बावीस-तेवीस वेळा झालं. मधेच तिनं विचारलं, "आबाजी, हवा काढायची काहून? टायरात तर भरतो." हवा दबते, तेल दबत नाही, एवढंच सांगितलं. पेडल दगडासारखं कडक झालं तेव्हा तिला आपोआप कळलं. हे तेल हवेतली ओल पीत राहतं, आणि आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. दर दिवाळीला ते बदलायचं ठरलं आहे.

पहिल्या चाचणीत गाडी उत्तम थांबली आणि वळेचना. दोन्ही चाकं जखडलेली, वळणावर आतल्याला कमी पळायचं असतं आणि बाहेरचं त्याला ऐकत नाही. रेल्वेचं चाक उतरतं घडवलेलं असतं, म्हणून तिचं वळणावर निभतं. कार्टला आतलं मागचं चाक क्षणभर उचलावं लागतं, आणि ते काम पुढची चाकं करतात. पुढचे किंगपिन मागे कलते असले की स्टिअरिंग फिरवताना आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि त्याच बाजूचं मागचं चाक हलकं होतं. माझे किंगपिन उभे होते. कापून बारा अंश मागे कलवले, वर मागच्या चाकांतलं अंतर दोन इंच कमी केलं. मग कुठे पोरीच्या हातानं गाडी वळायला लागली.

दुसरी खोड ब्रेकची. पाय जोरात पडला की मागची दोन्ही चाकं जाम, आणि वळणात तसं झालं तर शेपूट पुढे. पेडलची दांडी थोडी आखूड करून ब्रेक नरम केला आणि तिला एकच गोष्ट घोकवली: आधी सरळ रेषेत ब्रेक, मग वळण. कार्टिंगच्या शर्यतीत ब्रेकच्या दांड्याला जोडीनं एक तारही लावलेली लागते, दांडा सुटला तर तार ओढेल म्हणून. तीही लावली.

रविवारी मिल बंद असताना धान सुकवायच्या अंगणात तिनं दहा फेऱ्या मारल्या. उतरून म्हणाली, "पहिलेपेक्षा हळू चालते." खरं आहे, मागचा दातेरी चक्कर मी मुद्दाम मोठा लावला आहे. ब्रेकबद्दल ती काहीच बोलली नाही.

गाडीला स्प्लिट पिना सहा आहेत: चार चाकांच्या नटांना चार, पेडलला एक, ब्रेकच्या दांड्याला एक. सुरू करण्याआधी ती मोजते, मग मी मोजतो.