डोळा लागतां लागतां

माण्डूक्योपनिषदांत चार अवस्था सांगितल्या आहेत : जागृति, स्वप्न, सुषुप्ति आणि तुरीय. चौथी योग्यांची, तिच्या वाटेला मी कधीं गेलों नाहीं. पण पहिल्या दोहोंच्या मध्यें जो एक चिंचोळा बोळ आहे, त्यांतून मी रोज रात्रीं जातों. दिवा मालवलेला असतो, स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज अजून कानांवर येत असतो, आणि त्याच वेळीं मिटल्या डोळ्यांपुढें चित्रें हलूं लागतात. आल्फ्रेड मोरी या फ्रेंच पंडितानें १८४८ सालीं या चित्रांना एक भारदस्त शास्त्रीय नांव दिलें. मी त्यांना 'कचेरीचा जादा वेळ' म्हणतों.

कारण या बोळांत मला अप्सरा भेटत नाहींत कीं हिमशिखरें दिसत नाहींत. एके रात्रीं दिसला तो माझा स्टेपलर. शेजारच्या टेबलावरील सद्गृहस्थ "दोन मिनिटांत आणून देतों" म्हणून तो घेऊन गेले, त्याला तीन आठवडे झाले. आतां तो कासवाच्या चालीनें टेबलामागून टेबल ओलांडीत चालला होता. मी त्याला हाका मारीत होतों. पण हाकेवर जावक क्रमांक नसल्यामुळें प्रत्येक हाक परत येत होती!

दुसऱ्या रात्रीं हजेरीचें यंत्र आलें. आमच्या पणजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठे. पुढच्या तीन पिढ्या शिकल्या त्या हा अंगठा सुटावा म्हणून. आणि मी पदवीधर रोज सकाळीं पुन्हां अंगठाच उठवतों. तोही पहिल्या खेपेस ओळखला जात नाहीं. त्या रात्रीं यंत्रानें मला अगदीं अदबीनें विचारलें, "आपण कोण?" उत्तर द्यावयास तोंड उघडलें, तोंच पायरी चुकल्यासारखा अंगाला हिसका बसला आणि मी जागा झालों.

दिवसां या गोष्टी मी मनावर घेत नाहीं. स्टेपलरसाठीं का कोणी भांडतें? "असूं द्या हो" म्हणावें, हंसावें आणि विसरावें, हीच आपल्या मध्यमवर्गाची रीत. पण हें विसरणें कितपत खरें? २००० सालीं हार्वर्डच्या संशोधकांनीं एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. वरून पडणारे ठोकळे नीट रचावयाचे, असा 'टेट्रिस' नांवाचा संगणकावरील खेळ आहे. तो कांहीं माणसांना तीन दिवस खेळावयास लावला आणि डोळा लागतां लागतां काय दिसतें तें विचारलें. पुष्कळांना ठोकळेच पडतांना दिसले. खेळणाऱ्यांत पांच जण असे होते कीं मेंदूच्या इजेमुळें नवीन कांहींच त्यांच्या स्मरणांत टिकत नसे. त्यांतील तिघांनाही ठोकळे दिसले! स्मृतीनें सोडून दिलेलें या बोळानें जपून ठेवलें होतें.

हें वाचल्यापासून मला एक गोष्ट बोंचूं लागली. त्या बोळांत मला माझी मुलगी कधीं भेटत नाहीं. शेजारच्या खोलींत खोकत पडलेली आईही भेटत नाहीं. त्यांच्याविषयीं मला स्टेपलरपेक्षां अधिक माया आहे, हें काय सांगावयास हवें? पण माया घराला आणि तास कचेरीला, अशी माझ्या आयुष्याची वाटणी झाली आहे. आणि हा बोळ मोठा रोखठोक आहे. तो माया मोजीत नाहीं, तास मोजतो.

म्हणून हल्लीं जेवणें झालीं कीं मी आईपाशीं बसून उद्यांची भाजी निवडतों. मुलगीही येऊन बसते. बोलणें फारसें होत नाहीं. पहिले आठ दिवस रात्रीं कचेरीच आली. काल मात्र मिटल्या डोळ्यांपुढें मेथीचीं पानें अलगद पडूं लागलीं, आणि त्यांच्यामागें आईचीं सुरकुतलेलीं बोटें दिसलीं. मधूनच एखादी टाचणीही पडत होती, नाहीं असें नाहीं. वाटण्या अजून समान झालेल्या नाहींत. पण घराचा दावा दाखल झाला आहे.