फुलातील पाणी

सागवानाच्या फळीतील सुकी गाठ निखळून पडल्यावर जो खळगा उरतो, त्यात एखादे फूल ठेवून वर पारदर्शक इपॉक्सी रेझिन ओतले की त्या फुलास अक्षय आयुष्य लाभले, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु फुलाच्या रक्षणाचे कार्य रेझिनचा डबा उघडण्यापूर्वीच पार पडलेले असावे लागते, हे या कामात हात बसल्यावर उमजते. पाकळीत ओल राहू दिली, तर त्या काचेसारख्या आवरणाखाली ती मलूल होते, मग तपकिरी पडते, आणि त्यावर मागाहून कोणताही इलाज चालत नाही.

बाल्टिक प्रदेशातील तृणमण्यात, म्हणजे वृक्षाच्या अश्मीभूत राळेत, अडकलेल्या, सुमारे २८ मिलिमीटर व्यासाच्या एका फुलाचे वर्णन १८७२ साली प्रथम झाले, आणि २०२३ मध्ये परागकणांच्या परीक्षणावरून ते आपल्या लोध्राच्याच प्रजातीतील असल्याचे ठरले. तीन कोटींहून अधिक वर्षे लोटूनही त्याचे केसर शाबूत आहेत. वृक्षाच्या ओल्या राळेतील द्रव्ये ऊतींतील पाणी हटवितात आणि कुजविणाऱ्या जंतूंना आवर घालतात, असे मानतात. कारखान्यातून आलेल्या रेझिनला ही विद्या अवगत नाही, म्हणून वृक्ष जे करतो ते कारागिराने आपल्या हातांनी करावयाचे.

चपटी फुले टीपकागदात दाबावी, गुलाब-शेवंतीसारखी भरगच्च फुले सिलिका जेलच्या बारीक दाण्यांत हलकेच पुरून हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवावी, आणि देठ वाकविताच कट्‌कन मोडला तरच काम झाले असे समजावे, हा माझा शिरस्ता. पावसाळ्यात तर डब्यातून काढलेले फूल उघड्यावर ठेवण्याची मी कोणास मुभा देत नाही.

ओतण्याचे नियम थोडे, पण कडक आहेत. लाकडाच्या रंध्रांतील हवा बुडबुडे होऊन वर येऊ नये म्हणून खळग्यास आधी कुंचल्याने पातळ हात द्यावा; फूल तरंगू नये म्हणून पहिल्या पातळ थरात ते चिकटू द्यावे; आणि घाईने एकदम जाड थर ओतू नये, कारण रेझिन व हार्डनर यांच्या संयोगातून निघणारी उष्णता आत कोंडली की रेझिन पिवळते, तडकतेही.

रंगाचा प्रश्न मात्र नियमांनी सुटत नाही. झेंडूचा केशरी रंग पुष्कळ तग धरतो, गुलाबाची लाली काळवंडते, मोगऱ्याची पाकळी रेझिनने भिजताच पारदर्शक होऊन जवळजवळ दिसेनाशी होते. बोगनवेलीची रंगीत पाने, ज्यांना आपण पाकळ्या समजतो, मुळातच कागदासारखी कोरडी असल्याने मला विशेष प्रिय आहेत. वाळलेल्या पाकळीवर कृत्रिम रंग चढविण्याचा प्रघात मला पटत नाही. सागवानही काळाबरोबर रंग पालटते, आणि त्याबद्दल लाकडास कोणी कसूरवार धरीत नाही. लग्नातील हार घेऊन येणाऱ्यांच्या हाती मी प्रथम वाळविलेला एक गुलाब देतो, आणि तो रंग त्यांस मान्य असेल तरच फळी निवडावयास बसतो.