बंबाची पाळी

निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला की आम्हा नाशिककरांची थंडी अधिकृतपणे सुरू व्हायची. थंडीचा खर्च कमी करायचा म्हणजे काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. ते सगळं न्हाणीघराबाहेरच्या तांब्याच्या बंबाभोवतीच चालायचं. घरात नको झालेलं सगळं त्याच्या पोटात जायचं: करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या, गोवऱ्या, गेल्या इयत्तेच्या वह्या. नियम एकच, जेवढं गरम काढाल तेवढं गार ओता. न ओतता निघून जाणाऱ्याचा शोध सकाळभर चालायचा. थिजलेल्या खोबरेलाची बाटली बंबाला टेकवलेली असायची. टाचांना भेगा पडल्या की आमसुलाच्या तेलाचा गोळा त्याच निखाऱ्यावर पातळ करायचा. विझल्यावर उरलेली राख भांड्यांना. एका जाळात इतकी कामं उरकली की आम्हाला आपण फार हुशार आहोत असं वाटायचं.

आता भिंतीवर गिझर आहे. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, एवढं गणित घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. पंधरा लिटर पाणी तापायला वीसेक मिनिटं पुरतात, मग तो आपला आपण थांबतो. पाळी नाही, गार ओतणं नाही, भांडण नाही. 'गिझर बंद केलास का?' ही एक आरोळी तेवढी शिल्लक आहे.

बंब स्वस्त होता म्हणावं, तर निम्मी उष्णता धुराड्यातून आकाशाला जायची. शिवाय काही खर्च वहीत लिहिलेच जात नव्हते. भल्या पहाटे उठून फुंकणी घेऊन बसणं, डोळ्यांत धूर, दिवाळीआधी चिंचेने बंब घासणं, हे सगळं आईकडे; आणि शेवटचं कोमट पाणीही तिच्याच वाट्याला. त्याला आम्ही काटकसर म्हणत होतो. खरं तर आम्ही पैसे वाचवत नव्हतो, ते नव्हतेच. तरी ओल्या केसांनी त्या जाळापाशी आणखी जरा वेळ उकिडवं बसायला मिळावं म्हणून आम्ही मुद्दाम शेवटचा नंबर लावायचो, ते मात्र खरं.

स्कूटरचंही तसंच. थंडीत चेतक पहिल्या किकला सुरू झाली तर तो दिवस शुभ. नाहीतर चोक ओढा, गाडी तिरकी करा, पुन्हा किक, मग शेजारच्या काकांचा सल्ला, मग काकांचीच किक. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर गेला की बोलणंही कमी व्हायचं. आणि कसाऱ्याचा उतार लागला की इंजिन बंद! कानात वारा, मागे दोघं, पुढे पायांपाशी उभा धाकटा, आणि सगळा भरवसा दोन ब्रेकवर. त्यातून वाचलेल्या थेंबांपेक्षा आम्ही वाचलो हेच जास्त.

आता एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांना ना चोक लागतो, ना ताटकळणं. सकाळी गाडी उभ्या उभ्या गरम करत बसणं म्हणजे निव्वळ पेट्रोल जाळणं. निघायचं आणि पहिली काही मिनिटं बेताने चालवायची, बस्स. कारमधला हीटर इंजिनाच्या फुकट जाणाऱ्या उष्णतेवरच चालतो. थंडीने टायरमधली हवा कमी होते, ती सकाळी गाडी थंड असताना तपासायची. कमी हवेची गाडी पेट्रोल जास्त पिते. एवढं केलं की काम संपलं. काकांना हाक मारायचं कारण उरलेलं नाही.

गंमत म्हणजे उतारावरची जुनी युक्ती आता उलटी पडते. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की संगणक इंधन पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. घाट लागला की मागच्या सीटवरून वडील अजूनही 'न्यूट्रल कर रे' म्हणतात. आम्ही त्यांना हे सगळं कसारा येईपर्यंत समजावतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "म्हणजे वाचवलं गाडीने. तू काय केलंस?"