पालेर्मोची नहर

आपल्या लोकांची युरोपची सहल म्हणजे दहा दिवसांत सात देश, बसच्या खिडकीतून पाहिलेले मनोरे आणि रात्री हॉटेलात उघडलेला घरच्या चिवड्याचा डबा. आम्हांला तशी धावपळ नको होती. लेक पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली होती. त्याआधी चौघांनी मिळून काही दिवस निवांत घालवावेत, मुलांनी समुद्रात डुंबावे, आम्ही दोघांनी जुन्या गल्ल्यांतून हिंडावे, एवढीच इच्छा. म्हणून २०२२ च्या सप्टेंबरात इटलीच्या दक्षिणेला, सिसिली बेटावरच्या पालेर्मो या एकाच शहरात आम्ही सहा दिवस मुक्काम ठोकला.

सकाळी जुने शहर आणि दुपारनंतर समुद्र, असा क्रम ठरून गेला. समुद्र म्हणजे मोन्देल्लो. दोन डोंगरांच्या मध्ये चंद्रकोरीसारखी वाळू, आणि बरेच आत गेले तरी पाणी कमरेइतकेच. १९१३ साली बांधलेली एक देखणी इमारत तिथे खांबांवर, थेट समुद्रात उभी आहे. लेक पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून पाण्यात उतरली, तेव्हा आम्ही जरा आजूबाजूला पाहून घेतले. कोणी मान वळवली नाही. तिथल्या आज्या कमरेभर पाण्यात उभ्या राहून, आपल्याकडे बायका नळावर बोलतात तशा, तासन्‌तास गप्पा मारत होत्या. त्यांच्यातल्याच एकीने लेकीला हाताने खुणावले, तिकडे खडक आहे, जपून.

आम्ही भाड्याने घेतलेले घर कालसा मोहल्ल्यात होते. मूळ नाव अल्-खालिसा. दहाव्या शतकात फातिमी अमलात उभारलेली ही सरकारी वसाहत. 'संस्थान खालसा झाले' असे आपण मराठीत म्हणतो, तो खालसा याच शब्दाचा भाऊ. शहरातल्या मुख्य जुन्या रस्त्याला लोक अजूनही कास्सारो म्हणतात. तो अल्-कस्र, म्हणजे किल्लेवजा राजवाड्याचा रस्ता.

अशा शहरात गेले की आपल्या मनात एक ठरलेली तार वाजू लागते. आपले राज्य होते, आता नाही. मशीद होती, आता चर्च आहे. पालेर्मो इसवी सन ८३१ मध्ये मुसलमानांकडे आले आणि १०७२ मध्ये नॉर्मन सरदारांनी ते घेतले. मधल्या काळात, ९७३ च्या सुमारास, इब्न हौकल हा प्रवासी इथे आला आणि त्याने तीनशेवर मशिदींची नोंद केली. उसासा टाकायला एवढे पुरेसे होते. पण गंमत अशी की आज तिथे डोळ्यांना जे अरबी दिसते, ते बहुतेक सारे त्या नंतरच्या ख्रिस्ती राजांच्या काळातले आहे. राजवाड्यातल्या चर्चचे लाकडी छत बाराव्या शतकात अरबी कारागिरीने घडले. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी, तीत कूफी अक्षरे आणि भिंतींवर सोनेरी बायझंटाइन चित्रे. त्याच दरबारात अल्-इद्रिसीने राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जगाचा भूगोल लिहिला आणि ११५४ मध्ये पुरा केला. २०१५ मध्ये युनेस्कोने हा सारा वारसा अरब-नॉर्मन म्हणून जागतिक यादीत घेतला. ज्याला हिसकावणे म्हणतात आणि ज्याला जपणे म्हणतात, ती दोन्ही कामे तिथे एकाच हाताने झालेली दिसली.

मोठ्या कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या दारात एका खांबावर कुरआनातली आयत कोरलेली आहे. सूरह अल्-आराफमधली ५४ वी. धाकट्याने अक्षरे लावून लावून वाचायचा प्रयत्न केला. आतल्या बाजूला सम्राट दुसरा फ्रेडरिक याची कबर आहे. लेकीने विचारले, "अब्बा, एवढी माणसं होती, ती गेली कुठं?"

उत्तर त्या कबरीतच होते. अरबी विद्येचा चाहता म्हणून नावाजलेल्या याच फ्रेडरिकने १२२० च्या दशकापासून सिसिलीतल्या मुसलमानांना उठवून इटलीच्या मुख्य भूमीवर, लुचेरा या गावी नेऊन वसवले. पुढे १३०० मध्ये तीही वस्ती मोडली गेली आणि तिथले लोक गुलाम म्हणून विकले गेले. अनेक जण त्याआधीच उत्तर आफ्रिकेत निघून गेले होते. काही धर्म बदलून तिथल्याच मातीत मिसळले.

त्या रात्री आम्ही मुलांना इब्न जुबैरची हकीकत सांगितली. हा अंदालुसी हाजी. हज करून परतताना ११८४ च्या डिसेंबरात त्याचे जहाज सिसिलीच्या किनाऱ्यावर फुटले. पालेर्मोत त्याने मुसलमानांच्या मशिदी, बाजार, त्यांचा काझी, सारे पाहिले. नाताळच्या दिवशी ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारख्या ओढण्या घेऊन, मेंदी लावून चर्चला निघालेल्या पाहिल्या. वरवर सारे छान होते. पण परतीच्या जहाजाची वाट पाहत तो त्रापानी बंदरात थांबला असताना तिथल्या एका प्रतिष्ठित मुसलमानाने एका हाजीकडे निरोप धाडला : माझ्या मुलीला पत्करा. स्वतः निकाह करा, नाहीतर तुमच्या मुलखात कोणाशी लावून द्या, पण तिला इथून घेऊन जा. मुलीनेही होकार दिला.

गोष्ट संपल्यावर आम्ही दोघे गप्प झालो. कारण तो निरोप आमच्या कानांना नवा नव्हता. निघण्यापूर्वी दावतीला आलेल्या नातेवाइकांपैकी निम्म्यांनी तरी म्हटले होते, "लेकीला बाहेर काढताय, बरं करताय. इथं आता आपलं काय?" आम्ही हसून विषय बदलला होता. त्या बापाला हसता येत नव्हते. त्याची भीती खोटीही नव्हती, चाळीस वर्षांत खरी ठरली. असे असताना लेकीला आपण काय सांगायचे?

चौथ्या दिवशी शहराखाली उतरलो. डोक्यावर हेल्मेट, पायात रबरी बूट आणि एक वाटाड्या. पालेर्मोखाली जुने जलमार्ग आहेत. त्यांना कनात म्हणतात, पण ती आपली तंबूची कनात नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी भूजल गाठायचे, तिथून अगदी मंद उताराचा बोगदा खोदत शहरापर्यंत आणायचा, आणि ठराविक अंतरावर हवा-उजेडासाठी, गाळ उपसण्यासाठी विहिरीसारखी तोंडे ठेवायची. ना मोट, ना पंप. उतारानेच पाणी चालत येते. ही विद्या इराणकडून अरबांबरोबर इकडे आली. अंधारात घोटाभर गार पाण्यात उभी राहून लेक ओरडली, "अम्मी, ही तर आपली नहर!"

खरेच होते. आम्ही दोघेही खडकीचे, म्हणजे पुढच्या औरंगाबादचे, २०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगरचे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहराला पाणी दिले ते याच तऱ्हेने, जमिनीखालून. हबश देशातून गुलाम म्हणून आलेल्या माणसाने दख्खनला आपले मानले आणि नहरी खोदल्या. पाणचक्कीच्या हौदाकाठी आमच्या दोन्ही घरच्या पिढ्या बसल्या. नहर पिणाऱ्याची जात-जमात विचारत नाही, आणि शहराची पाटी बदलली म्हणून तिचा उतार बदलत नाही.

परतताना बसमध्ये धाकट्याचे बोट दारात चेमटले. तो रडू लागला तशी शेजारची म्हातारी कळवळून म्हणाली, "मिस्किनू!" आमच्या घरातही रडक्या पोराला 'बिचारा मिस्कीन' म्हणतात. मग आम्हांला नादच लागला. घरमालकिणीला विचारून विचारून शब्द गोळा केले. पाण्याच्या टाकीला जेब्ब्या, ती अरबी जाबिया. संत्र्याच्या मोहोराला झागरा, तो जहर म्हणजे फूल. शवपेटीला ताब्बूतू, आणि ताबूत तर आपल्या मोहरमातला. ते शब्द कुठून आले हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या लेखी ते तिच्या आईचे शब्द होते. माणसे हाकलता आली, तोंडातले शब्द कोणाला उपसता आले नाहीत.

आपल्या मराठीचेही तसेच आहे. अर्ज, हुकूम, तारीख, इमारत, मालक हे शब्द काढून टाकले तर कचेरीतला एक कागद लिहून होणार नाही. ही भाषा आमच्याही आजी-पणजीची आहे. 'तुम्ही मराठी छान बोलता हं' असे कोणी म्हणाले की वाटते, नहरीला कोणी विचारावे, तू इकडची कशी?

शेवटच्या संध्याकाळी लेकीशी बोललो. त्रापानीच्या त्या बापाला नावे ठेवू नकोस, असे सांगितले. त्याच्यावर जी वेळ आली ती कोणावर येऊ नये. पण तू जाते आहेस ती शिकायला जा, भिऊन जाऊ नकोस. शिकून झाल्यावर कुठे राहायचे ते तुझे तू ठरव. फक्त इथे आपले काय, असे म्हणून घर सोडू नकोस. ती काही बोलली नाही. ओल्या केसांतली वाळू झाडत बसली. ऑक्टोबरात ती गेली. फोनवर अजून मराठीत भांडते.