जुन्या वस्तूवरचा कर

बदलीच्या नोकरीत मी प्रत्येक मुक्कामी काही जुने घेतले, काही विकले. त्यामुळे जुन्या बाजाराकडे माझे लक्ष असते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा एकदा कर भरलेल्या वस्तूवर पुन्हा कर का, हा प्रश्न रास्तच होता. नियमांनी मार्ग काढला: व्यापाऱ्याने आधीच्या कराची वजावट घेतली नसेल, तर कर केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर, तोटा झाल्यास कर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत परिषदेने लहान जुन्या मोटारींसाठीचा दर १२ वरून १८ टक्के करण्याची शिफारस केली, तेव्हा अनेकांना तो पूर्ण किमतीवर वाटला. प्रत्यक्षात ३ लाखांना घेतलेली मोटार व्यापाऱ्याने कर सोडून ३ लाख ४० हजारांना विकली, तर कर ७,२०० रुपये होतो.

परंतु जुन्याचे मोल नव्याच्या किमतीशी बांधलेले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला. नवी स्वस्त झाली, की जुनीचा भावही उतरणारच. आदल्या महिन्यात चढ्या कराने मोटार घेणाऱ्याला ही घट कोणी भरून देत नाही. पहिली मोटार जुन्या बाजारातून घेणाऱ्या कुटुंबाला मात्र तीच सवलत ठरते. करकपातीचा हिशेब मांडताना या दोघांचीही नोंद व्हावी, असे मला वाटते.