चक्रवाक आणि चाळिशी

गेली अठरा वर्षे मी वर्गात चक्रवाक शिकवतो आहे. मेघदूतातील विरहिणीच्या वर्णनात एकाकी चक्रवाकीची उपमा येते, आणि पुढे आपल्या जुन्या मराठी कवितेतही हा पक्षी वारंवार भेटत राहतो. नदीच्या दोन तीरांवरून रात्रभर एकमेकांना साद घालणारे, उजाडल्यावरच भेटणारे जोडपे. 'हा काव्यसंकेत आहे' असे सांगून मी पुढच्या ओळीकडे वळत असे.

एका वर्षी नांदेडच्या आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही पाहिलाय का चक्रवाक?" मी नाही म्हणालो. ती गोदावरीवरच्या एका जलाशयाकाठच्या गावातून येत असे. "आमच्या गाळपेरीच्या पलीकडं हिवाळ्यात नारिंगी-तांबूस रंगाची मोठी बदकं उतरतात. तीच का ती?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्याजवळ शब्द होता, तिच्याजवळ पक्षी होता. दोन्ही एकच आहेत की नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

त्या जानेवारीत ८×४२ ची दुर्बीण घेऊन मी तिच्या गावी गेलो. गाळपेरीचा व्यवहार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: धरणाचे पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर काठचे शेतकरी हरभरा, गहू अशी पिके घेतात. पाणी जसे मागे सरते तसे पक्षीही त्याच्यासोबत मागे सरतात. मधल्या चिखलात माणूस गुडघाभर रुततो. पाऊस चांगला झाला तर पाणी अफाट पसरते आणि पक्षी दूर राहतात; पाऊस कमी झाला तर चिखल वाढतो आणि पक्षी दूरच राहतात. दुष्काळाच्या वर्षी तर प्रश्नच मिटतो. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले त्या २०१६ साली मांजरा प्रकल्पाच्या कोरड्या तळाशी कुठले बदक शोधणार?

त्या सकाळी दुर्बिणीतून केशरी ठिपके दिसले. त्यांच्या बाजूला करड्या हंसांचा थवा होता. डोक्यावरचे दोन काळे पट्टे अंधुक जाणवले, म्हणजे ते पट्टकादंब असावेत. त्यांपैकी एकाच्या मानेवर हिरवट काहीतरी होते. मंगोलियात पट्टकादंबांच्या मानेत अक्षरे कोरलेला रंगीत पट्टा घालतात आणि असे पक्षी भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, हे मी वाचले होते. तीन-चार अक्षरे वाचता आली असती तर तो पक्षी कुठून हिमालय ओलांडून आला, हे कळले असते. मजकूर समोर होता आणि वाचता येत नव्हता. भाषेच्या मास्तराला याहून मोठी नामुष्की कोणती? मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' झोळीत होता. नाव सापडायला तो पुरेसा होता, पण आधी पक्षी नीट दिसायला हवा होता.

तेव्हापासून स्पॉटिंग स्कोपचा शोध सुरू झाला. पहिली चूक मी लगेच केली. '२५ ते ७५ पट' असे खोक्यावर ठळक छापलेला एक स्वस्त स्कोप मागवला. पंचाहत्तर पटीवर पक्षी मोठा दिसे, पण धुरकट आणि काळवंडलेला. याचे कारण साध्या भागाकारात आहे, हे नंतर कळले. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत पोहोचतो. पन्नास मिलिमीटरला पंचाहत्तरने भागले की एक मिलिमीटरसुद्धा हाती येत नाही. दिवसाउजेडी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. अतिशयोक्ती अलंकाराची व्याख्या मी शिकवतो, पण खोक्यावर छापलेली अतिशयोक्ती मला ओळखता आली नाही.

दुसरा धडा इथल्या हवेने दिला. मराठवाड्यात हिवाळ्यातही नऊ-दहा वाजले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते. मोठे वर्धन त्या थरथरीलाही तेवढेच मोठे करते. तीस पटीच्या पुढे पक्षी पाण्याखाली असल्यासारखा डुलतो. तेव्हा साठ पटीचा मोह सुटला. वीस पटीत एक किलोमीटरवरचा पक्षी पन्नास मीटरवर आल्यासारखा दिसतो, आणि सकाळच्या स्थिर हवेत एवढे पुष्कळ होते.

मग निवड पासष्ट आणि ऐंशी मिलिमीटर यांच्यात उरली. ऐंशीत प्रकाश अधिक, पण वजनही अधिक, आणि सोबत भक्कम तिपाई हवी. बसमधून उतरून शेताच्या बांधावरून दोन मैल चालणाऱ्या माणसाने हा हिशेब आधी करावा. मी पासष्ट घेतला, १६ ते ४८ पटींचा. थोडी पदरमोड करून ईडी काचेचा घेतला, कारण साध्या काचेत पाण्यावरच्या उजळ पक्ष्याला जांभळी कडा येते आणि रंगांवरचा भरवसा उडतो. चाळिशी लागलेल्यांनी आणखी एक पाहावे: चष्मा न काढता पूर्ण दृश्य दिसते का? त्यासाठी डोळा भिंगापासून पंधरा-सतरा मिलिमीटर दूर ठेवता आला पाहिजे.

शेवटचा प्रश्न होता सरळ की तिरका. लातूरच्या एका प्राध्यापक मित्राचे मत ठाम होते, "सरळ घ्या सर. नजर जिकडे, नळी तिकडे. पक्षी पटकन सापडतो." ते खरेच आहे. तिरक्या स्कोपमध्ये खाली मान घालून पाहायचे असते आणि पक्षी सापडायला सराव लागतो. पण तो तिपाईवर खालच्या उंचीला लावला की उंच माणूस वाकून आणि बुटका माणूस उभ्यानेच पाहू शकतो. प्रत्येकासाठी तिपाई वरखाली करावी लागत नाही. मी एकटाच पाहणार असतो तर मित्राचे ऐकले असते. मी तिरका घेतला.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच बांधावर गेलो. हिरव्या पट्ट्याचा पट्टकादंब काही दिसला नाही. केशरी ठिपके मात्र होते, आणि आता ते ठिपके राहिले नव्हते. फिकट डोके, नारिंगी अंग, काळी शेपटी. एकाच्या गळ्यात बारीक काळी रेघ, तो नर. दुसरीचा चेहरा अधिक पांढुरका, ती मादी. विद्यार्थिनीने पाहिले आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग तिच्या वडिलांना बोलावले. त्यांनी टोपी मागे सारून स्कोपात पाहिले.

मी उत्साहाने त्यांना कवितेतली विरहाची गोष्ट सांगितली. ते ऐकून हसले. "रातच्याला बी जोडीनंच असत्यात सर. हरभऱ्यात उतरत्यात. मीच हाकलतो की."

आता वर्गात चक्रवाक आला की मी आधी काव्यसंकेत सांगतो आणि मग हरभऱ्याची गोष्ट सांगतो. संकेत त्यामुळे खोटा ठरत नाही. रात्री काठावर झोपणाऱ्या कुणीतरी अंधारातून आलेली ती साद ऐकली असेल आणि तिच्यात आपला विरह ओतला असेल. पण त्याच अंधारात कुणीतरी आपले पीकही राखत असेल, हे अठरा वर्षे माझ्या ध्यानात आले नव्हते.