रविवारी मंडळीत जायचं कशाला?

लोणावळ्यात रविवार हा सुट्टीचा दिवस नाही. सुट्टी पुण्या-मुंबईच्या लोकांची, आमचा तो धंद्याचा दिवस. शुक्रवारी रात्री घाटात गाड्यांची रांग लागते. ती रविवारी संध्याकाळी उलट्या दिशेनं लागेपर्यंत चिक्कीवाले, टॅक्सीवाले, बंगल्यांचे केअरटेकर, हॉटेलात भांडी घासणारी पोरं, भुशी डॅमच्या वाटेवर कणसं भाजणाऱ्या बायका, कुणालाच मान वर करायला वेळ नसतो. पावसाळ्यातल्या पंधरा-सोळा रविवारांवर कित्येक घरांचं वर्ष निघतं. अशा गावात ख्रिस्ती माणसानं रविवारी सकाळी दीड तास चर्चमध्ये जाऊन बसायचं, म्हणजे दीड तासाच्या कमाईवर पाणी सोडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे म्हणणार आहे ते फुकटात होणारं नाही.

माझा शाळेपासूनचा एक मित्र ख्रिस्ती आहे. बाहेरच्या लोकांचे बंगले सांभाळायचं काम करतो. गेली काही वर्षं तो चर्चला जात नाही. नाताळला जातो, कुणाचं लग्न असलं तर जातो, एरवी नाही. आणि मी मुसलमान असून त्याच्या मागं लागलेला असतो, की बाबा रे, जात जा. याचं दोन्ही घरांत हसू होतं. त्याची बायको म्हणते, "भाऊजी, पाळकसाहेबांना जमलं नाही ते तुम्हाला काय जमणार?"

त्याचं म्हणणं साधं आहे. देव काय फक्त चर्चमध्ये बसलाय का? मी सकाळी उठून प्रार्थना करतो, बायबल मोबाइलवर आहे, कुणाचं वाईट करत नाही. मग रविवारी तिथं जाऊन बाकावर बसलो काय आणि नाही बसलो काय? हे मी आमच्या मोहल्ल्यातही ऐकलेलं आहे. फक्त शब्द वेगळे असतात: ईमान दिलात असतं, मशिदीत नाही. दोघांचंही अर्धं खरं आहे. घरात एकट्यानं केलेली प्रार्थना देवाला पोचत नाही असं कुठलाच शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण चर्चला आपण इमारत समजतो, तिथंच घोळ होतो. मराठी बायबलमध्ये चर्चसाठी जो शब्द आहे तो इमारतीचा नाहीच. तो आहे 'मंडळी'. मला हा शब्द फार आवडतो. आपल्याकडं जेवायला बसताना 'चला मंडळी' म्हणतात, जुन्या पिढीतला नवरा बायकोला 'आमची मंडळी' म्हणायचा, आणि ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चला मंडळी म्हणतो. घरात एकट्यानं बसून भक्ती करता येईल, मंडळी कशी होता येईल? आमच्याकडचा शब्द 'जमात'. ओळीत उभं राहून एकत्र पढलेली नमाज ती जमातची नमाज, आणि मशीद, कबरस्तान, अडलेल्यांची लग्नं बघणारी गावातली माणसं तीही जमातच. जुमा हा शब्दसुद्धा त्याच अरबी धातूतून आला आहे. जमा होणं.

दिवसाच्या पाच नमाजा माणूस घरी, शेतात, रेल्वेच्या डब्यात एकटा पढू शकतो. जमातीत पढली तर सवाब सत्तावीस पट, असं हदीसमध्ये आहे, पण एकट्याची होत नाही असं नाही. जुम्याची मात्र एकट्याची होतच नाही. घरी राहिलात तर जोहर पढायची, जुमा नाही. त्यासाठी माणसं लागतात. हनफी हिशोबानं इमाम धरून चार. घाट उतरून कोकणात गेलात की तिथले मुसलमान शाफई, त्यांच्या हिशोबानं चाळीस. त्याच कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना सामूहिक प्रार्थनेसाठी दहा पुरुष लागतात. ख्रिस्ती धर्माची अट या सगळ्यांत सैल आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दोघा-तिघांवर भागवतो. पण तिथंही एकावर भागवलेलं नाही, हे माझ्या मित्राच्या लक्षात आणून दिलं तर तो म्हणाला, "तू वकील व्हायला हवं होतंस."

बेने इस्राएलांचं उदाहरण मी त्याला नेहमी देतो. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांमधून ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बाकीच्या ज्यू जगापासून ते शतकानुशतकं तुटलेले होते. हिब्रू विसरली, पोथ्या नव्हत्या, पण आठवड्याचा तो एक दिवस त्यांनी सोडला नाही, आणि त्या दिवसावरून पुढं त्यांची ओळख पटली. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. अलिबाग, रेवदंडा, पनवेल इथली सिनेगॉग उभी आहेत. पण मागं राहिलेल्या थोड्या घरांतून दहा पुरुष जमवणं काही ठिकाणी जड जातं. समाज संपतो तेव्हा इमारत पडत नाही, आधी मोजणी चुकायला लागते. आमच्या गावातली मराठी उपासनेला येणारी ख्रिस्ती कुटुंबं मोजायला फार वेळ लागत नाही. एक घर यायचं थांबलं की ते दिसतं.

कामाचं कारण मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पण रविवार हा ख्रिस्ती लोकांचा सुट्टीचा दिवस होता, म्हणून ते चर्चला जायला लागले, असं नाही. झालं उलट. रोमन साम्राज्यात रविवारची सुट्टी कॉन्स्टंटाइन बादशहानं ३२१ साली दिली. तीही शहरवाल्यांना, शेतकऱ्यांना शेतीची मुभा होतीच. त्याआधीची जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक कामाच्या दिवशीच जमत होते. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं आजच्या तुर्कस्तानातून बादशहाला पत्र लिहिलं. त्यात ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला स्तोत्र गातात, असं आहे. त्यांतले काही जण गुलाम होते. धन्याचं काम सुरू व्हायच्या आधी, अंधारात उठून जात असणार. आपल्याकडं गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळं, आणि त्यांनी ती मागताना रविवार हा खंडोबाचा वार असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे महाराष्ट्रातला ख्रिस्ती कामगार रविवारी चर्चला जाऊ शकतो त्यात थोडा हात जेजुरीच्या देवाचाही आहे. माझ्या मित्राला हे भलतंच आवडलं. चर्चला मात्र गेला नाही.

कुराणातही जुम्याची बांग झाली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज झाली की पुन्हा पांगून आपली रोजी शोधा, असा हुकूम आहे. दिवसभराची सुट्टी नाही, तेवढ्यापुरतं दुकान बंद. कॅथलिकांना तर १९८३ च्या धर्मसंहितेनुसार रविवारचा मिस्सा बंधनकारक आहे आणि शनिवारी संध्याकाळचाही त्यात धरला जातो. म्हणजे पोटाची अडचण धर्मालाही ठाऊक आहे. मी त्याला म्हटलं, दीड तास बंगल्यांच्या चाव्या माझ्याकडं दे, पाहुण्यांना चहा मी पाजतो. त्यावर तो गप्प झाला. अडचण चाव्यांची नव्हतीच.

अडचण भांडणाची होती. कमिटीच्या निवडणुकीत वाद झाला, काही जण त्याच्याबद्दल नको ते बोलले, आणि त्यानं पाऊल टाकणं सोडलं. कुठल्या चर्चमध्ये, कोण बोललं, ते इथं सांगायचं कारण नाही. अशी भांडणं सगळीकडं होतात, आमच्या ट्रस्टच्या मीटिंगा बघितल्यात तर कळेल. ख्रिस्ती मंडळींमध्ये जातसुद्धा शिरलेली आहे, हे ख्रिस्ती लोक स्वतःच लिहीत आले आहेत. ज्याला तिथं जातीवरून हिणवलं गेलं असेल, त्याला मी 'जा' म्हणणार नाही. आधी मंडळीनं त्याच्या घरी जाऊन माफी मागावी. आमच्याही घरात सगळं ठीक नाही. चर्चच्या बाकावर आई, मुलगी, सून एकत्र बसतात. आमच्या किती मशिदींत बायकांना जागा आहे? २०१९ मध्ये पुण्याच्याच एका मुस्लिम जोडप्याला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. माझ्या अम्मीनं जन्मभर जुम्याचा खुतबा लाउडस्पीकरवर, स्वयंपाकघरातून ऐकला. तेव्हा उपदेश मी जपूनच करतो.

पण चर्चवर रागावून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसांनी पुढं काय केलं ते बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं मिशनशी पटेना, तेव्हा १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. सोडून घरी एकटे ध्यानाला बसले का? त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही घेऊन. म्हणजे पुन्हा मंडळीच. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच सिस्टरांशी पत्रांतून कडाकडा वाद घातले, कुठल्या एका पंथाच्या चौकटीत त्या बसल्या नाहीत. पण आपल्याच जिल्ह्यात, दौंडजवळच्या केडगावला, शेकडो बायका-मुलींना घेऊन त्यांनी रोजची एकत्र प्रार्थना उभी केली. माझ्या मित्रानं नवी मंडळी काढली असती तर मी एक शब्द बोललो नसतो. त्यानं नुसतं घरी बसायचं ठरवलं.

आणि लोणावळ्यात घरी बसणं हे गावाकडं घरी बसण्यासारखं नाही. मावळातल्या मराठा कुटुंबाला भावकी असते, भांडली तरी मयताला खांदा द्यायला येते. लोणावळ्यातला ख्रिस्ती माणूस मात्र बहुतेक रेल्वेमागून आलेला. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली, कारखाना आला, रेल्वेची वसाहत झाली, आणि नगरकडचे, गोव्याचे, मद्रासकडचे, अँग्लो-इंडियन असे लोक इथं येऊन राहिले. त्यांना इथं ना शेत, ना भावकी. मंडळी हीच त्यांची भावकी. माझ्या मित्राचे वडील रेल्वेत फिटर होते, मूळचे नगर जिल्ह्यातले. ते वारले तेव्हा जुलै महिना होता. पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. नगरचे नातेवाईक दुपारपर्यंत पोचले नाहीत. पेटीची व्यवस्था, दफनभूमीत खड्ड्यावर ताडपत्री, पाळकांना आणणं, घरात चहा, हे सगळं मंडळीतल्या लोकांनी केलं. ज्याच्याशी भांडण होतं तो माणूसही आला आणि ताडपत्रीचं एक टोक धरून शेवटपर्यंत भिजत उभा राहिला. त्यांचं बोलणं त्यानंतरही सुरू झालं नाही. आमच्याकडं जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया असते: काही जणांनी पढली तर सगळे सुटले, कुणीच नाही पढली तर सगळे गुन्हेगार. त्या दिवशी जे आले ते कधीतरी, कुठल्यातरी रविवारी शेजारच्या बाकावर बसून ओळखीचे झालेले होते. बोलावणं करायला यादी नव्हती.

दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या सभेचं वर्णन करून ठेवलं आहे. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. ज्यांना परवडतं ते पैसे देतात आणि त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांची सोय होते. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जातो. माझ्या मते सगळं त्या शेवटच्या गोष्टीत आहे. कोण आलं नाही हे कळायला आधी कुणीतरी जमलेलं असावं लागतं.

मोबाइलवरची उपासना हा त्याचा शेवटचा मुद्दा. २०२० च्या मार्चपासून चर्च, मशिदी, देवळं सगळी बंद झाली आणि महाराष्ट्रात ती उघडली पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. मधल्या काळात पाळकांनी व्हिडिओ पाठवले, आम्ही घरी जोहर पढलो. तेव्हा ते बरोबरच होतं. पण त्याच वर्षी व्हॅटिकनमधून पत्र निघालं, की पडद्यावरचा मिस्सा हा प्रत्यक्षाची जागा घेऊ शकत नाही, लोकांनी परत यावं. मला वाटतं रोमला धोका कळला होता. आजारी माणसाची सोय ही धडधाकट माणसाची सवय होते.

त्याच्या आईला मात्र तो व्हिडिओ कधीच मानवला नाही. ऐंशीच्या पुढं आहे. उपासना संगीतातली टिळकांची भजनं तिला चालीसकट पाठ, आणि कुठल्या भजनाला कुठली चाल हे ठाऊक असणारी ती आता मंडळीत एकटीच उरली आहे. मागच्या नाताळला मी गेलो होतो. पेटीवाला मुलगा नवा होता, तो तिच्याकडं बघून सूर धरत होता. पहिली ओळ ती उचलते, दुसऱ्या ओळीला दम पुरत नाही. तिथं मागून कुणीतरी लागतं. माझ्या मित्राचा आवाज चांगला आहे, शाळेत प्रार्थना तोच सांगायचा.

हे मी त्याला गेल्या आठवड्यात सांगितलं. येत्या रविवारी तिन्ही बंगले भरलेले आहेत, जमणार नाही, म्हणाला. पुढच्या रविवारचं बघू.